सुळ्यामागची चंद्रकोर

ताप रोज दुपारी चार वाजता यायचा. एखाद्या कचेरीत नोकरीला असता तर वक्तशीरपणाबद्दल त्याचा सत्कार झाला असता. यायचा, तास-दोन तास पाहुण्यासारखा बसायचा, अंगाला थोडा घाम आणायचा आणि साडेसहाच्या सुमारास निरोप न घेता निघून जायचा. इतक्या शिस्तीच्या गोष्टीला ताप म्हणणं मेकॅनिकला पटत नव्हतं.

"कणकण आहे जरा," तो म्हणाला.

"बाराव्या दिवशीसुद्धा?" आक्काने थर्मामीटर उजेडाकडे धरत विचारलं. "बारा दिवस राहते त्याला कणकण म्हणत नाहीत. भाडेकरू म्हणतात."

आक्का त्याची मोठी बहीण. दोन वर्षांपूर्वी भावजय गेली तेव्हा ती चार दिवसांसाठी म्हणून आली होती. ते चार दिवस अजून संपले नव्हते. तिची वरची-खालची कवळी भावानेच बनवलेली. एरवी ती वाटीतल्या पाण्यात पडलेली असायची. पण भांडण काढायचं असलं की आक्का आधी शांतपणे कवळी बसवून घ्यायची. आज तिने ती बसवली होती. मेकॅनिकने ते पाहिलं आणि तो समजून चुकला.

मेकॅनिक म्हणजे मोटारींचा नव्हे, दातांचा. एकेचाळीस वर्षं त्याने एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत लोकांचे दात बनवले. पुढच्या खोलीत डॉक्टर. मागच्या खोलीत हा, प्लास्टरची पोती, मेणाच्या पट्ट्या, पॉलिशचं घरघरणारं चाक आणि भिंतभर फळ्यांवर मांडलेले लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे. माणसं त्याला चेहऱ्याने ओळखू येत नसत. पण रस्त्यात कुणी हसलं की तो लगेच थबकायचा. "हे आपले खालचे सहा!" असं पुटपुटायचा आणि मुलीच्या सासरी ओझरता जाऊन आलेल्या बापासारखा खूष होऊन पुढे जायचा.

त्याच्या हृदयात धातूची झडप होती. नऊ वर्षांपूर्वी बसवलेली. खोली शांत असली की ती ऐकू यायची. टिक्, टिक्, टिक्. आक्का म्हणायची, "तुझ्याशेजारी बसलं की स्टेशनावरच्या घड्याळाखाली बसल्यासारखं, गाडी कधीही येईल असं वाटत राहतं."

झडप बसवली तेव्हा घरी सोडताना हृदयाच्या डॉक्टरांनी बरंच काही सांगितलं होतं. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, ठरल्या वेळी. तपासणी महिन्याला. आणि दात सांभाळा. तोंडातले जंतू रक्तात उतरतात. इतरांच्या रक्तातून ते निघून जातात, पण तुमच्या झडपेवर त्यांना बसायला जागा मिळते. तेव्हा दाताचं काहीही करायचं असेल, तर एक तास आधी जंतू मारणाऱ्या गोळ्यांचा एक मोठा डोस.

मेकॅनिकने हे सगळं आयुष्यभर दातांत राहिलेल्या माणसाच्या बेफिकिरीने ऐकलं. त्याच्या बायकोने मात्र ते लिहून घेतलं. घरी आल्यावर तिने कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला: *दाताचं काहीही करण्याआधी एक तास, गोळ्या. त्याच्याही आधी, विचारा.* 'विचारा'खाली दोन रेघा होत्या. कुणाला विचारा ते लिहिलं नव्हतं, कारण घरात त्याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती मोरीच्या दाराशी उभी राहू लागली.

"अहो, दोन मिनिटं घासायचेत. डॉक्टर म्हणालेत."

"घड्याळ आण मग."

"घड्याळ कशाला? तुमचं तुम्हीच वाजताय की."

आणि ती दाराला टेकून त्याच्या छातीतले ठोके मोजायची. दीडशे टिक् झाल्याशिवाय चूळ भरायची परवानगी नसे. तो एकशे चाळीसला हळूच नळाकडे हात न्यायचा. ती न हलता म्हणायची, "दहा राहिलेत." सात वर्षं, दिवसातून दोनदा. तिने कधी एकही टिक् सोडला नाही, आणि त्याने लबाडी करायची एकही संधी सोडली नाही. संसार म्हणतात तो बहुधा हाच.

ती गेल्यावर मोजणारं कुणी उरलं नाही. ठोके चालूच होते, पण ऐकायला दाराशी कुणी नसेल तर दोन मिनिटं फार लांब असतात. आधी ती एका मिनिटावर आली. मग अर्ध्यावर. मग, संध्याकाळी काय घासायचंय, दिवसभर कुठे काही खाल्लंय, यावर. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, ते त्याने गोळीच्या नावावर खपवलं. आणि सहा महिन्यांपूर्वी चहात बुडवलेलं बिस्कीट खाताना डावीकडच्या वरच्या सुळ्याचा एक कोपरा तुटून हातात आला.

बिस्कीट मऊ होतं. दात त्याच्याहून मऊ झाला होता.

आता हा सुळा साधासुधा नव्हता. तो जन्माचा वाकडा. शेजाऱ्याच्या अंगणात डोकावल्यासारखा पुढे आलेला. पन्नास वर्षांपूर्वी एक मुलगी आपल्या आईची तडकलेली कवळी घेऊन दवाखान्याच्या मागच्या खोलीत आली होती. तो काहीतरी बोलून हसला, आणि ती टक लावून पाहत राहिली.

"इथे काम करता आणि स्वतःचाच दात वाकडा?"

"डॉक्टर सरळ करून देतो म्हणालेत," तो ओशाळून म्हणाला.

मुलीने फळ्यांवरचे साचे पाहिले, टेबलावरच्या कवळ्या पाहिल्या, मग पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

"नका करू. या अख्ख्या खोलीत तेवढाच एक खरा दिसतोय."

कवळी दुरुस्त व्हायला दोन दिवस पुरले असते. त्याने तीन आठवडे लावले आणि तिला सात वेळा यायला लावलं. तिच्या आईने ते तीन आठवडे पेजेवर काढले आणि जावई म्हणून त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

असा तो सुळा. आणि तो किडला होता. मेकॅनिकला पुढचं सगळं पाठ होतं: दवाखाना, खुर्ची, "काका, हा काढावा लागेल." म्हणून त्याने आयुष्यात जे येत होतं ते केलं. एका रविवारी, आक्का भजनाला गेलेली असताना, त्याने घरच्या छोट्या कार्यशाळेचं दार लावलं. आरशासमोर बसून सुळ्याचं माप घेतलं. अवजाराने कीड खरवडली. रक्त आलं, कापूस दाबून धरला. मग रंगपट्टीतला नेमका पिवळसर रंग निवडून त्या सुळ्याला एक टोपी घडवली. तोच वाकडेपणा, तीच टोकाची झीज, चाळीस वर्षांच्या चहाचा तोच तपकिरी भास. सीमेंट लावून बसवली आणि आरशात हसून पाहिलं. बेमालूम. एकेचाळीस वर्षांतलं सर्वांत सुंदर काम, आणि ते कुणाला दाखवायची सोय नाही.

कपाटातला कागद त्याला आठवला नाही असं नाही. पण कागदावर 'दाताचं काहीही करण्याआधी' असं होतं. हे दाताचं नव्हतं, हे कारागिरीचं काम होतं. डॉक्टर करतो तो उपचार, मेकॅनिक करतो ती बांधणी. बांधणीला कशाला गोळ्या? हा युक्तिवाद बायकोसमोर दीड मिनिटही टिकला नसता. म्हणूनच तो त्याने ती नसताना केला.

बाराव्या दिवशी आक्काने त्याला हृदयाच्या डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. डॉक्टरांनी बराच वेळ छाती ऐकली. इतका वेळ, की गप्प बसायची सवय नसलेली आक्काही गप्प बसली. मग त्यांनी वेगवेगळ्या वेळी तीनदा रक्त काढायला सांगितलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"तोंडात काही दुखणं? दात? हिरड्या?"

"छे," मेकॅनिक म्हणाला. "माझं तोंड म्हणजे माझी पाटी होती, साहेब. धंद्याची."

"ताप झडपेमुळे असला तर वेळ घालवून चालणार नाही. जंतूंनी तिथे एकदा बस्तान बसवलं की छाती पुन्हा उघडून झडप बदलावी लागते. या वयात दुसऱ्यांदा..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "रक्ताचा निकाल येईलच. पण जंतू कुठून शिरले ते सापडलं नाही, तर आपण इकडून औषध देऊ आणि तिकडून नवे येत राहतील. आजच दातांच्या डॉक्टरला दाखवा. उद्या सकाळी भरती. आणि मनाने एकही गोळी घेऊ नका."

बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "ऐकलंस ना? कुठून शिरले ते सापडायला हवं."

"ऐकलं," मेकॅनिक म्हणाला. टाळूला लागलेली जीभ आपोआप सुळ्याकडे गेली आणि चोर घरात आहे की नाही ते पाहून परत आली.

दवाखाना तोच होता. थोरले डॉक्टर जाऊन सात वर्षं झाली होती. आता तिथे त्यांची मुलगी बसायची. सगळे तिला डॉक्टर म्हणत, मेकॅनिक अजून छोटी म्हणायचा. खुर्ची नवी, दिवा नवा, मागच्या खोलीत आता जंतुनाशक यंत्र ठेवलं होतं. पण दारातून पाहिलं तर भिंतीवर फळ्यांच्या खुणा तशाच होत्या. रंगाऱ्याने दोन हात मारूनही न गेलेल्या.

लहानपणी त्या फळ्यांखाली एका उंच स्टुलावर छोटी शाळेतून आली की बसायची. गावभरच्या तुटक्या कवळ्या दुरुस्तीला यायच्या; काही मेकॅनिकच्या, काही इतरांच्या. तो एकेक उचलून तिच्यापुढे धरायचा आणि विचारायचा, "काकांचं की परक्याचं?"

ती छोट्या आरशाने आतली बाजू पाहायची. कारण मेकॅनिकची एक खोड होती. बनवलेल्या प्रत्येक कामात तो डाव्या सुळ्याच्या मागे, जिभेच्या बाजूला, मोहरीएवढी एक चंद्रकोर कोरायचा. बाहेरून दिसायची नाही, जिभेलाही मुश्किलीने लागायची. थोरल्या डॉक्टरांना ते कळलं तेव्हा ते ओरडले होते, "अहो, लोकांच्या तोंडात सह्या काय करता?" यावर मेकॅनिकने, गवंडी विटेवर नाव घालतो, शिंपी बगलेत पट्टी लावतो, मग मीच काय घोडं मारलंय, असं विचारलं. शेवटी 'अन्न अडकणार नाही इतकी उथळ' या अटीवर परवानगी मिळाली. छोटीला चंद्रकोर दिसली की ती बोलायची नाही. आरसा तोंडात धरलेल्या माणसासारखी गंभीर होऊन फक्त एक बोट त्याच्याकडे दाखवायची. ती कधीच चुकली नाही.

"या काका. आऽ करा." छोटीने दिवा खाली ओढला. आक्का दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली, साक्षीदारासारखी.

छोटीने हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेलं पत्र दोनदा वाचलं होतं आणि तिचा चेहरा खेळीमेळीचा नव्हता. तिने मागून सुरुवात केली. "हिरड्या सुजल्यात. केव्हापासून? काकू असत्या तर..." ती थांबली. "दाढा बऱ्या आहेत." आरशाच्या दांड्याने तिने एकेक दात ठोकून पाहिला. सुळ्यावर टकटक झाली. मेकॅनिकची पापणीही हलली नाही. मेलेला दात कुरकुर करत नाही हे त्याला पूर्वीच कळून चुकलं होतं.

"सुळा मात्र आहे तस्साच," छोटी हसली. "काकूंचा लाडका."

मेकॅनिकच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. दातांच्या डॉक्टरने, तीही याच खोलीत वाढलेल्या, दिव्याखाली पाहिलं आणि तिला कळलं नाही! छाती अभिमानाने फुगली. आणि त्याच फुगलेल्या छातीत झडप जरा घाईने वाजू लागली. आता ही 'तोंड ठीक' असा कागद लिहील, आपण तो डॉक्टरांना नेऊन देऊ, औषध इकडून जाईल आणि जंतू तिकडून येत राहतील. सांगायला हवं. तोंड उघडंच होतं. पण त्यातून शब्द निघेना.

"एक्स-रे काढूच," छोटी म्हणाली. "त्याआधी आतून एक नजर." तिने आरसा सुळ्यामागे सरकवला.

आणि तो तिथेच राहिला.

खोलीत इतकी शांतता झाली की आक्कालाही टिक्-टिक् स्पष्ट ऐकू यायला लागली. छोटीने दिवा कलता केला. आरसा पुसला. पुन्हा आत घातला. मग मान वर न करता, फार हळू आवाजात विचारलं,

"काकांचं की परक्याचं?"

मेकॅनिकला आठवलं. टोपी घडवून झाल्यावर, पॉलिशच्या आधी, हात सवयीने कोरणीकडे गेला होता. एकेचाळीस वर्षांत बिनसहीचं एकही काम त्या हाताने सोडलं नव्हतं. चोरी केली, आणि तिथे आपलं नाव लिहून आला.

तोंडात आरसा होता. त्याने डोळे मिटले आणि एक बोट उचलून स्वतःकडे दाखवलं.

छोटीने आरसा बाहेर काढला. "कधी?"

"सहा महिने."

"आत खरवडलंत?"

"थोडं."

"रक्त आलं?"

"थोडं."

"गोळ्या?"

"ती... बांधणी होती," मेकॅनिक म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला तो युक्तिवाद किती पोकळ आहे ते ऐकू आलं.

"अरे गाढवा," दाराजवळून आक्का म्हणाली. कवळी पक्की बसलेली होती, शब्द स्वच्छ आला. "अरे, लोकांच्या तोंडात आयुष्यभर हात घातलास, आणि स्वतःच्या तोंडात लपाछपी खेळलास? वहिनीने कपाटात कागद कशाला लावलाय? उंदरांना वाचायला?"

एक्स-रे निघाला. सुळ्याच्या मुळाशी, हाडात, वाटाण्याएवढा काळा डाग होता. छोटीने हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि पाच मिनिटं कडक, कोरड्या आवाजात बोलली. मग स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली. आवाज बदलला.

"काढावा लागेल, काका."

"त्याचं काही करता येणार नाही? मुळात औषध भरून..."

"इतर कुणाचा असता तर प्रयत्न केला असता. तुमच्या झडपेवर मी पैज लावणार नाही."

मेकॅनिक वरच्या दिव्याकडे पाहत राहिला. "तुझी काकू म्हणायची, या खोलीत तेवढाच एक खरा आहे."

"माहितीये मला. शंभरदा ऐकलंय." छोटीने त्याचा हात धरला. "पण आता दिसतं ते सगळं तुम्ही बनवलेलं आहे. त्यात काकूंनी पाहिलेलं काही उरलेलं नाही. त्यांनी पाहिलेला तुम्ही कधीच झाकून टाकलात."

ती हे चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. मेकॅनिकची जीभ सुळ्यामागच्या चंद्रकोरीवरून फिरली.

"काढ," तो शेवटी म्हणाला. "आत्ता काढतेस?"

"आत्ता हातही लावणार नाही. आधी रक्ताची तपासणी, मग शिरेतून औषध, मग रक्त किती पातळ आहे ते बघून. दाताचं काहीही करण्याआधी काय करायचं असतं?"

"एक तास, गोळ्या."

"आणि त्याच्याही आधी?"

"विचारायचं," मेकॅनिक म्हणाला. शाळेत उभं केलेल्या पोरासारखा.

रक्तात जंतू सापडले, तोंडातलेच. झडपेवर त्यांनी नुकतंच घर बघायला घेतलं होतं, भिंती चढवल्या नव्हत्या. सहा आठवडे शिरेतून औषध चाललं. पाचव्या दिवशी छोटी स्वतः इस्पितळात आली आणि तिने सुळा काढला. तो तिने बाटलीत घालून मेकॅनिकच्या हातात दिला. टोपी अजून बसलेलीच होती. त्याने बाटली खिडकीकडे धरून बराच वेळ फिरवून पाहिली. इतकं चांगलं काम आणि इतका वाईट दात त्याने एका जागी कधी पाहिला नव्हता.

"कडेला सीमेंट जरा कमी पडलं," तो म्हणाला.

"झोप," आक्का म्हणाली.

चार वाजताचा पाहुणा हळूहळू यायचा बंद झाला. सातव्या आठवड्यात मेकॅनिक घरी आला. हसला की डावीकडे एक खिडकी दिसायची. महिन्याभराने छोटीने मोकळ्या जागेचं माप घेतलं आणि साचा त्याच्यापुढे ठेवला. "काढ-घाल करता येईल असा एक दात. रोज काढून धुवायचा. आणि दर तीन महिन्यांनी मला तोंड दाखवायचं. तुम्ही बनवाल की बाहेर देऊ?"

"बाहेर?" मेकॅनिकने असं विचारलं की तिने साचा मुकाट्याने त्याच्याकडे सरकवला.

त्याने कपाटातून एक जुना साचा काढला. पन्नास वर्षांपूर्वीचा, त्याच्या स्वतःच्या जबड्याचा. लग्नाच्या आठवडाभर आधी होणाऱ्या बायकोने हट्टाने काढून घेतलेला. "तुमच्या डॉक्टरांचा काही भरवसा नाही. एखाद्या दिवशी सरळ करून टाकतील." प्लास्टर पिवळं पडलं होतं, पण सुळा तसाच शेजाऱ्याच्या अंगणात डोकावत होता. त्यावरून त्याने तीन दिवसांत दात घडवला. शेवटी हात सवयीने कोरणीकडे गेला. थांबला. दात त्याने घडवला होता, पण वाकडेपणा त्याचा नव्हता. तो कुणीतरी पसंत करून, जपून ठेवायला सांगितला होता. ही नक्कल होती, आणि नकलेवर सही करत नाहीत. त्याने कोरणी जागेवर ठेवली.

तपासताना छोटीने आरशाने मागची बाजू पाहिली, पुन्हा पाहिली, आणि बोट न उचलता दिवा वर केला.

आता मोरीचं दार सकाळी उघडंच असतं. आक्का स्वयंपाकघरात भांडी वाजवत असते. तिला ठोके मोजायला सांगितलं तर ती म्हणाली, मला दुसरे उद्योग आहेत. तेव्हा मेकॅनिक एकटाच मोजतो. टिक्, टिक्, टिक्. एकशे चाळीसला त्याचा हात नळाकडे जातो. रोज जातो. मग तो दाराकडे बघतो, जरा थांबतो, आणि उरलेले दहा घासून काढतो.